जिभाऊ, आमच्या राक्षसांतही आता भाऊबंदकी आहे

आदरणीय जिभाऊ,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मराठीत काल्पनिक दुनिया रचणाऱ्या पुष्कळांचं गाडं आमच्याच जागी अडतं. कुठली जमात कोणाच्या बाजूला टाकायची?

आमच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळात, यक्ष आणि बुटके एका तटात होते, नाग आणि राक्षस दुसऱ्या. खेळात रंगत येत नव्हती. राक्षस दिसला की तलवार उपसायची, संपलं! तुम्ही ओट्यावर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवून विचारलंत, “यासना घरमा भाऊबंदकी नही शे का रे?”

मग उभी हयात पाटकरी म्हणून, म्हणजे पाटाचं पाणी वाटण्यात, काढलेल्या तुम्ही आम्हाला पांझरा नदीवरची फड पद्धत समजावून सांगितलीत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतजमिनीचे मोठे पट्टे. एका फडात एकच पीक, पाणी पाळीने. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, म्हणून टंचाईच्या साली एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ वाटून बसते. ज्याची सगळी जमीन एकाच टोकाला, तो मात्र आधी कुरकुरतो आणि मग भांडायला उठतो, हे तुम्ही हसत हसत सांगितलंत. आमच्या दुनियेतलं युद्ध मला त्या वाक्यात सापडलं.

महाभारताची आठवणही तुम्हीच करून दिलीत. घटोत्कच पांडवांकडे, तर अलायुध कौरवांकडे; दोघेही राक्षसच. यादवांचंही तेच. कृष्ण आणि सात्यकी इकडे, कृतवर्मा आणि नारायणी सेना तिकडे, आणि बलराम तीर्थयात्रेला! नकुल-सहदेवांचा सख्खा मामा शल्य दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलून पलीकडे गेला. 11 आणि 7 अक्षौहिणींची ती विभागणी नात्यागोत्यांना आडवी कापत गेली आहे.

आता आमच्या नकाशावर एक बंधारा आहे. तो उंच करायचा की फोडायचा, यावर दोन तट. वरच्या अंगाचे राक्षस उसावर पैसा करतात, त्यांना तो उंच हवा. खालच्या अंगाच्या राक्षसांची ज्वारी करपते. घाट राखणारा यक्ष रचताना भिल्लांचे नायक खाज्या नाईक डोळ्यांसमोर होते. सेंधवा घाटाच्या रखवालीसाठी इंग्रजांच्या चाकरीत असलेला माणूस 1857 मध्ये त्यांच्याच विरुद्ध उठला. आमचा यक्षही कोणत्या दिवशी फिरेल, ते खेळणाऱ्यांना माहीत नसतं.

तुमची एक गोष्ट मात्र मी ऐकली नाही. “मग जमाती हव्यात कशाला, सगळे माणसंच कर ना,” असं तुम्ही म्हणाला होतात. जिभाऊ, नागाला डोहात राहता येतं. पाट आटला तरी त्याचं काही बिघडत नाही, डोह आटला तर मात्र तो संपला. अंगात काय आहे त्यावरून गरज ठरते, म्हणून जमाती ठेवल्या. बाजू मात्र ज्याची त्याने ठरवायची. खेळाडूला आम्ही आता आधी विचारतो, तुझी जमीन कुठे आणि तू कोणाचं देणं लागतोस? परवा एका पोराने स्वतःच्या मामाचं शेत बुडेल म्हणून बंधारा फोडायला साफ नकार दिला, आणि त्यावरून टेबलावर तासभर खडाजंगी झाली. इतका मजेदार खेळ आमच्याकडे आधी कधी झाला नव्हता.

मनापासून आभार. पाटकरी कोणत्या जमातीचा ठेवावा, म्हणजे दोन्ही तट त्याचं ऐकतील, एवढं अजून सुटत नाही. रविवारी येतो विचारायला.

आपला,
गल्लीतला नकाशेवाला