सोमवारपासून दुपारी तुम्ही दोघं मॉलमध्ये

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाथरूमचं काम सोमवारपासून सुरू होतंय. मिस्त्रीला ॲडव्हान्स दिलाय, टाइल्स ठरल्यात, सोसायटीची परवानगी बंडूकाकांनी आणून ठेवलीय. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, गणपतीनंतर बघू. मग दिवाळीनंतर. बाथरूममध्ये पाय घसरला त्या गुरुवारनंतर मला एक आठवडाही थांबवेना. न घसरणाऱ्या टाइल्स आणि भिंतीला पकडायचे दोन दांडे, एवढंच होणार आहे. आईचा पितळी घंगाळ ठेवायचा कोपरा तसाच राहणार, मिस्त्रीला दोनदा बजावलंय. मी स्वतः तिथे उभी राहायला हवी होती. बंगळुरूहून इतक्यात निघता येत नाही, हे मनाला लागून राहिलंय.

सिडकोच्या घरात संडास वेगळा आहे म्हणून बरं, तो चालू राहील. आंघोळ समोरच्या काकूंकडे. प्रश्न दुपारचा आहे. फोडाफोडीची धूळ बाबांच्या दम्याला अजिबात चालणार नाही, आणि काकूंकडे दुपारी शिकवणीची मुलं असतात. म्हणून मी ठरवलंय की अडीच ते साडेपाच तुम्ही सीवूड्सच्या मॉलमधल्या त्या छोट्या कॉफीच्या दुकानात बसायचं. रोज नाही. फोडायचे दिवस आणि टाइल्स कापायचे दिवस, एवढेच. मध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी भरून गळती बघतात, तेव्हा घरात आवाज नसतो. शनिवार-रविवारी काम बंद, आणि त्या दिवशी मॉलमध्ये जाऊही नका, पाय ठेवायला जागा नसते.

नेरूळहून सीवूड्स-दारावे एकच स्टेशन आहे आणि मॉल स्टेशनलाच लागून आहे, हे बाबा सांगतीलच. तरी रिक्षानेच जा. पुलाचे जिने आईच्या गुडघ्यांना नकोत. आत गेल्यावर लिफ्ट. सरकत्या जिन्याच्या कडेच्या फटीत आणि वरच्या टोकाच्या दात्यांत साडीचा काठ अडकतो, तेव्हा कितीही रांग असली तरी लिफ्टच.

दुकानात आधी काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसे तिथेच द्यायचे आणि मग बसायचं. वेटर येईल म्हणून वाट बघत बसू नका. काउंटरवर तीन गोष्टी सांगायच्या: इथेच बसून पिणार, स्मॉल, आणि चिनी मातीच्या कपात. हे नाही सांगितलं तर कागदी कपात झाकण लावून देतात, आणि झाकणाच्या भोकातून कॉफी एकदम ओठावर येऊन चटका बसतो. ट्रे बाबांनी उचलायचा नाही. 'टेबलावर आणून द्याल का' म्हटलं की आणून देतात. मी इथे कॉफीच्या दुकानात नव्या मुलांना हेच शिकवते, आणि ज्येष्ठ माणसांनी सांगितलेलं सहसा कोणी टाळत नाही.

आई, तू म्हणशील कॉफी कोमट आहे. ती मुद्दामच तशी असते. वाफेने दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतात, तेवढ्यात ते सर्वांत गोड लागतं. ७० च्या पुढे गेलं की फेस बसतो आणि उतू गेलेल्या दुधाचा वास येतो. आपल्याकडे उकळी फुटल्याशिवाय गॅस बंद होत नाही, त्यामुळे तुला ती थंडच वाटणार. दोन गोष्टी सांग: 'एक्स्ट्रा हॉट करा' आणि 'कप आधी गरम पाण्याने तापवून घ्या'. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. गार जाड कप बरीच ऊब खाऊन टाकतो.

तुझ्यासाठी कॅपुचिनो घे. खाली एस्प्रेसो, म्हणजे यंत्राने दाबाखाली काढलेली थोडीशी दाट कॉफी, मग गरम दूध, वर फेस. 'लाटे' नावाच्या कॉफीत दूध जास्त असतं, तुला ते मिळमिळीत लागेल. अमेरिकानो म्हणजे एस्प्रेसोत गरम पाणी, ते नकोच. कॅपुचिनो पहिल्या घोटाला कडू लागेल, कारण तुझ्या कॉफीत जायफळ-वेलची असते आणि ती दुधातच उकळलेली असते. ताप उतरला की तू ती पितळी पेल्यात द्यायचीस आणि वरची साय माझ्यासाठी वेगळी ठेवायचीस. तशी कॉफी मला आजवर कुठे मिळालेली नाही, आणि मी दिवसभर कॉफीतच असते. छोट्या डबीत किसलेलं जायफळ घेऊन जा आणि चिमूटभर फेसावर टाक. कोणी काही म्हणत नाही.

बाबा, तुमची साखर. बिनसाखरेच्या कॅपुचिनोत १५० मिली दूध धरलं तरी दुधातलीच साधारण ७ ग्रॅम साखर येते. तेवढी चालेल, पण दुपारच्या चहाच्या ऐवजी, चहाशिवाय वेगळी नाही. व्हॅनिला, कॅरॅमल, हेझलनट अशी नावं आली की त्यात पाक असतो. 'सिरप नको' असं स्पष्ट सांगा. आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी तुम्हाला पूर्ण बंद. ज्या साखळीची दुकानं दहा किंवा जास्त ठिकाणी आहेत तिला जुलै २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. ही साखळी त्याहून लहान आहे, त्यामुळे आकडे दिसले नाहीत म्हणून पदार्थ हलका समजू नका. काचेच्या कपाटातला मफिन म्हणजे केकच आहे. चीज-टोमॅटो सँडविच घ्या, दोघांत एक.

आणि साखर कमी होऊन घाम सुटला, हात थरथरले तर वाट बघायची नाही. काउंटरवर साखरेच्या पुड्या असतात, साधारण ५ ग्रॅमच्या. तीन पुड्या पाण्यात ढवळून लगेच प्यायच्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरने तपासायचं, अजूनही कमी असेल तर पुन्हा तीन. आई, बसल्या-बसल्या आधी तीन पुड्या पर्समध्ये टाकून ठेव. ग्लुकोमीटर निळ्या पिशवीत आहे.

कॉफी साडेतीनच्या आत संपवा. एस्प्रेसोच्या एका शॉटमध्ये, म्हणजे एका मापात, ६० ते ७० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं अर्धं शरीरातून जायला पाचेक तास लागतात. उशिरा प्यायलात तर रात्री बाबा गॅलरीत येरझाऱ्या घालणार. स्मॉलमध्येही काही ठिकाणी दोन शॉट घालतात, म्हणून 'सिंगल शॉट' सांगा. आईची लोहाची गोळी कॉफीबरोबर वाया जाते, मध्ये दोन तास तरी हवेत. जेवणानंतरची ती गोळी या दिवसांपुरती रात्री घ्यायची का, ते डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा. उद्याच.

बसायची जागा नीट निवडा. सोफा खोल असतो, आईला त्यातून उठताना दोन माणसं लागतील. उंच स्टूल तर नाहीच. हात असलेली लाकडी खुर्ची बघा, भिंतीला पाठ असलेली. एसीचा झोत अंगावर येत नाही ना, हे बसण्याआधी हात वर करून पाहा. शाल न्या. काउंटरजवळ बसू नका, कॉफी दळायचं यंत्र सुरू झालं की बाबांच्या कानातलं मशीन किंचाळतं.

पण बाबा, एकदा उठून ते कॉफीचं यंत्र जरूर बघा. जन्मभर बॉयलरच्या काट्यांवर नजर ठेवलीत, तुम्हाला ते लगेच कळेल. पुष्कळ यंत्रांना दोन गेज असतात: कॉफी उतरताना पंपाचा दाब ९ बारच्या आसपास, वाफेचा १ ते १.५ बार. कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे. पंधरा सेकंदांत धो धो आली तर भरड दळलीय, आंबट लागेल. थेंब-थेंब करत पाऊण मिनिट लावलं तर फार बारीक दळलीय, जळकट कडू लागेल. तसं लागलं तर संकोच न करता परत द्या, बदलून देतात. वाफेची नळी दुधात घालायच्या आधी आणि नंतर त्या मुलाने वाफ सोडली आणि ओल्या फडक्याने नळी पुसली, तर दुकान स्वच्छ आहे. नळीवर दुधाची वाळलेली पापडी दिसली तर दूध घातलेलं काहीही घेऊ नका.

पैशांचं आता मनावर घेऊ नका. 'एवढ्यात आठवड्याचं दूध येतं' हे मला माहीत आहे. पण ते पैसे कॉफीचे नाहीत, तीन तासांच्या खुर्चीचे, बिनधुळीच्या हवेचे आणि स्वच्छ टॉयलेटचे आहेत. बाबांच्या खात्यात पैसे टाकलेत, ते त्यासाठीच. तासाभराने कोणी उठवेल ही भीती बाळगू नका. दुपारी दुकानं रिकामी असतात, दोन माणसं निवांत बसलेली दुकानदाराला हवीच असतात. चार वाजता एक सँडविच घेतलंत की झालं. बिलावर ५ टक्के जीएसटी असेल. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, दिसला तर काढायला सांगा. मोबाइल नंबर मागतील, तो दिल्याशिवायही बिल होतं, बाबा, देऊ नका. आणि यूपीआयचा पिन पैसे घेताना कधीच लागत नाही. 'पैसे परत करतो, पिन टाका' असं कोणीही म्हटलं तर फोन सरळ खिशात.

साडेपाचला निघा, सहानंतर रिक्षा मिळत नाहीत. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत बाबांनी आतल्या खोलीतच थांबायचं. दम्याचा पंप आणि दुपारच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये, बाबांच्या खिशात नकोत. पोचल्यावर मिस्ड कॉल देऊ नका, नीट फोन करा, मी उचलते.

आई, पहिल्या दिवशी तुला अवघडल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी होणार नाही. विणकाम घेऊन जा.

तुमची,
चिमी

ता. क. सोमवारी सकाळी दहाच्या आत गीझरचा मेन स्विच बंद करा. मिस्त्री करेल म्हणून त्याच्यावर सोडू नका.