सही स्वच्छ, म्हणून नापास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोटोची साइज एका मिनिटात कशी कमी करावी, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाचं अभिनंदन. हा प्रयोग त्यांनी शेवटच्या तारखेला, रात्री अकरा वाजता, शेजारी रडवेली भाची बसलेली असताना केलेला नाही, एवढं पहिल्याच परिच्छेदात कळलं. आम्ही परवा रात्री भाचीचा ऑनलाइन फॉर्म भरताना केला, म्हणून हे पत्र.

आधी डीपीआयचं बोलतो. ३००चा ७२ केला की फाइल हलकी होते म्हणे. अहो, पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, आहेत तेवढेच ठेवले तर डीपीआय कितीही करा, फाइलला त्याचा पत्ताही लागत नाही. छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, एवढंच सांगणारा तो आकडा. डब्यावरची चिठ्ठी बदलून डब्याचं वजन उतरत नाही. हाच सल्ला परवा आम्हाला आणखी एका जाणकाराने फोनवर दिला होता. तीनदा करून पाहिला. ४.२ एमबी, ४.२ एमबी, ४.२ एमबी.

लेखातला दुसरा उपाय क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवत जाण्याचा. तीही सरकवली. फोनमधला फोटो ४००० बाय ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलचा. फॉर्मला हवा होता २०० बाय २३०, म्हणजे जेमतेम ४६ हजारांचा, आणि तोही ५० केबीच्या आत. आधी क्रॉप करून पिक्सेल कमी करायचे आणि मग क्वालिटीला हात लावायचा, हे तुमच्या लेखात शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता आलंय. उलट क्रमाने गेलं की काय होतं ते आम्ही पाहिलं. पट्टी पार टोकाला नेली, भाचीच्या गालांच्या जागी फरशा बसवल्यासारख्या दिसायला लागल्या, तरी आकडा काही ५० केबीच्या खाली येईना. क्रम सुधारल्यावर फोटो ३१ केबीत बसला, नाकडोळ्यांसकट. इथवर आमची चूक, मान्य.

पण सही! तुमच्या लेखात सहीचा उल्लेखच नाही आणि खरी गंमत तिथेच आहे.

सहीची फाइल १० ते २० केबीमध्ये हवी, १४० बाय ६० पिक्सेलची. पोरीने कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने नीटस सही केली, मी खिडकीशी... नाही, रात्र होती, दिव्याखाली धरून फोटो काढला, कडा कापल्या, मागची सावली पुसली, अपलोड केली. लाल अक्षरांत उत्तर आलं : ‘फाइल अवैध’. का अवैध, ते नाही. भाची म्हणाली, “मामा, ६ केबीच झालीय. आता लहान आहे म्हणून नको म्हणतंय.” क्वालिटी १०० केली, तरी ६च्या आसपासच. इतका वेळ फाइल लहान करायला धडपडलो, आता ही मोठी कशी करायची?

कारण सांगतो, तुमच्या लेखकालाही उपयोगी पडेल. जेपीजी ही फोटो चेपून साठवायची पद्धत १९९२ सालची. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात किती चढउतार आहे तेवढंच लिहून ठेवते. कोऱ्या पांढऱ्या चौकोनात लिहिण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो जवळजवळ फुकटात जातो. जितका कागद स्वच्छ, तितकी फाइल बारीक. मग आम्ही काय केलं असेल? कागद चुरगाळला. मुठीत दाबून गोळा केला, परत उलगडला, त्याच सुरकुत्यांवर पोरीकडून सही करून घेतली आणि दिवा मुद्दाम तिरका ठेवला, म्हणजे प्रत्येक सुरकुतीला सावली पडावी. ११ केबी. पसंत! फॉर्म ११ वाजून ५२ मिनिटांनी गेला. त्याची प्रिंट काढली तर सहीच्या मधोमध नदीच्या नकाशासारखी रेघ. भाची म्हणते, “ही माझीच आहे ना?”

किमान मर्यादा ठेवणाऱ्यांना वाटत असावं की केबी जास्त म्हणजे चित्र स्पष्ट. तसं असतं तर आमच्या दोन सह्यांपैकी कुठली नापास व्हायला हवी होती? शिवाय आलेला फोटो हव्या त्या मापाचा करून घेणं त्यांच्या संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकं काम. ते काम लाखभर लोकांनी आपापल्या घरी, शेवटच्या रात्री, वेगवेगळ्या चुका करत का करावं, हे मला अजून उमगलेलं नाही. निदान त्या लाल ओळीत ‘६ आहे, १० हवेत’ एवढं तरी लिहा. आकडा तर त्यांच्याकडे असतोच, त्याशिवाय नाकारलं कसं?

आणि हो, ‘कुठल्याही मोफत साइटवर टाका, लगेच लहान होईल’ हे वाक्य मात्र पुढच्या वेळी छापू नका. स्वतःचा फोटो आणि स्वतःची सही, दोन्ही एकत्र, कोण चालवतं ते माहीत नसलेल्या साइटच्या हवाली करा, असा सल्ला वर्तमानपत्राने द्यावा? फोटो कापायची सोय फोनमध्येच असते. संगणकावर तर साध्या पेंटमध्येही पिक्सेल कमी करता येतात.

फाइली चेपण्याचा विषय निघालाच आहे तर एक घरचीच तक्रार. ई-पेपरमधलं शब्दकोडं तुम्ही हल्ली इतकं चेपता की चौकोनांतले आकडे पुसट ढेकळांसारखे दिसतात. मोठं करून पाहिलं तर ढेकळं मोठी होतात. महिनाभरापूर्वी हे मी ईमेलने कळवलं होतं, सोबत स्क्रीनशॉट जोडून. जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, असा निरोप येऊन ईमेल परत आला.

तेव्हा आज फाइल जोडलेली नाही. कालच्या कोड्यात उजवीकडून दुसऱ्या उभ्या रांगेत वरती ३ आहे की ८, तेवढं कृपया कळवावं. शब्द पाच अक्षरी आहे आणि पहिलं अक्षर ‘सु’ आलंय.

आपला,
एक जुना वाचक