कुठल्या नियमाने लढले, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जत्रांचा हंगाम आला की मैदानात हलगी घुमण्याआधी तालमीच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. गामा पैलवान आणि ब्रूस ली समोरासमोर आले असते तर? आपला लाल मातीतला मल्ल ज्युदोवाल्यापुढे टिकला असता का? मोबाइलवर तर 'गामांनी ब्रूस लीला शिकवले' इथपर्यंत मजल गेली आहे. ते खोटे आहे. ब्रूस लीचा जन्म १९४० चा. गामा १९६० साली लाहोरात वारले तेव्हा त्याला वीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि तो नुकताच अमेरिकेत पोचला होता. या दोघांची भेट झालेली नाही.

मात्र वेगवेगळ्या विद्यांचे नामांकित लोक एकमेकांपुढे उभे राहिले नाहीत, असे कोणी म्हणू नये. ते लढले, त्यांच्या लढतींच्या तारखा आहेत, वेळा आहेत. आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक वेळी निकालावर सगळ्यात मोठा हात होता तो 'हार कशाला म्हणायचे' या आधी ठरलेल्या अटीचा. ती अट गाळून नुसते 'अमक्याने तमक्याला पाडले' सांगितले की पोरे चुकीचा धडा घेतात, आणि तो धडा आखाड्यात महागात पडतो.

गामांचेच पाहा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को त्यांच्यापुढे आला. तो आडदांड आणि वजनाने चांगलाच जड होता. कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला. त्याला चीत करायचे तर दोन्ही खांदे गादीला टेकवायला हवेत. पोट जमिनीला, हात अंगाशी, पाय फाकलेले अशा जड माणसाला उलटवणे किती कठीण, हे घुटना ठेवून (मानेवर गुडघा दाबून) पाहिलेला कुठलाही पोरगा सांगेल. पालथे पडून राहण्याला वेळेची मर्यादा नव्हती, गुण नव्हते, पंचाची ताकीद नव्हती. कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा १७ तारखेला ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामांना मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात हेच दोघे आपल्या मातीत भिडले आणि गामांनी कुस्ती एका मिनिटाच्या आत निकाली केली. दोघेही पन्नाशीला टेकलेले, त्यामुळे वयाचे कारण पुढे करता येत नाही. जागा बदलली होती, आणि लंडनची युक्ती पुन्हा मांडायला झिबिस्कोला उसंतच मिळाली नाही.

आता हेच पालथे पडणे ज्युदोत किंवा ब्राझीलच्या जुजुत्सूत करून पाहा. आपल्याकडे पाठ वाचली की मल्ल वाचला. तिकडे पाठ दिली की प्रतिस्पर्धी पाठीवर बसतो आणि गळ्याभोवती हात टाकून श्वास किंवा रक्त कोंडतो. उलट तिकडचा माणूस खुशाल उताणा पडतो आणि पायांनी समोरच्याची कंबर धरून खालून लढतो. आपल्या मैदानात तो असा पडला की पंच हात वर करून मोकळा. यात एकाची विद्या खरी आणि दुसऱ्याची खोटी, असे काही नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात एक सवय भिनते, आणि नियम बदलला की तीच सवय घात करते.

याचे सगळ्यात दुखरे उदाहरण हेलियो ग्रेसीचे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा जुजुत्सूवाला हेलियो भिडले. अट अशी होती की फेकण्याला किंवा दाबून धरण्याला विजय नाही. एकाने हार मानली किंवा शुद्ध गेली तरच निकाल. किमुराने हेलियोला पुन्हा पुन्हा फेकले, आणि त्याचा हिशोब शून्य. दुसऱ्या फेरीत त्याने हेलियोचा हात पाठीमागे पिरगाळला. हात मोडला तरी हेलियोने हार मानली नाही. शेवटी त्याचा भाऊ कार्लोस याच्या बाजूने टॉवेल आला आणि लढत थांबली. त्या पकडीला ब्राझीलवाले आजही 'किमुरा' म्हणतात. हरवणाऱ्याचे नाव डावाला देऊन ते जपणे, यातला मोठेपणा आमच्या पोरांनी घ्यावा असे मनापासून वाटते.

त्याच जातीच्या पकडीने १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत गामांचे पुतणे अक्रम यांचा खांदा गेला. समोर जपानचा कुस्तीवाला अंतोनियो इनोकी होता. ही पकड कशी बसते हे वस्तादांनी नीट समजून घ्यावे, कारण आपल्या मल्लाला ती फार सहज बसते. प्रतिस्पर्धी एका हाताने मनगट धरतो, दुसरा हात कोपराच्या वरून दंडाभोवती घालून स्वतःचेच मनगट पकडतो. कोपर काटकोनात वाकलेला राहतो आणि तो हात पाठीच्या बाजूने वर डोक्याकडे फिरवला जातो. कोपर मोडत नाही असे वाटते, म्हणून मल्ल निर्धास्त असतो. पण पीळ सगळा खांद्याच्या वाटीत जातो. दुखायला लागते आणि सांधा निखळतो, यात श्वासाचेही अंतर नसते. आपल्या कुस्तीत हात पिरगाळल्याने कोणी हरत नाही, त्यामुळे खाली बसलेला मल्ल कोपर बरगडीपासून लांब टाकून मातीवर रेटा देतो. तोच लांब गेलेला कोपर तिकडच्या माणसाला हवा असतो. बचाव एकच, कोपर बरगडीला चिकटलेला, आणि मनगट पकडले गेले की लगेच दोन्ही हात एकमेकांत गुंतवणे. हात पाठीमागे गेल्यावर जोर लावून सोडवायला गेलात तर खांदा आपल्याच जोराने जातो.

त्याच वर्षी २६ जूनला टोकियोत इनोकी आणि मोहम्मद अली यांची लढत झाली. पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरीचा. इनोकी जवळजवळ सगळा वेळ उताणा पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, आणि लोक चिडले. ही रटाळ लढत, पण शिकण्यासारखी आहे. मुष्टियोद्धा पडलेल्या माणसाला ठोसा मारू शकत नाही, हातमोज्यात पकडही घेऊ शकत नाही. कुस्तीवाला उभा राहिला तर ठोशाच्या टप्प्यात येतो. दोघांपैकी कोणालाच पुढे जायची वाट नव्हती. अलीचे पाय सुजले, उपचार करावे लागले. त्या लढतीचा पंच होता अमेरिकेचा ज्युदोपटू जीन लबेल. त्याच लबेलने १९६३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला मायलो सॅव्हेज या मुष्टियोद्ध्याचा गळा कोंडून त्याला चौथ्या फेरीत बेशुद्ध केले होते. फरक कुठे? सॅव्हेजच्या अंगात जाड सदरा होता. ज्युदोवाल्याला कॉलर आणि बाही मिळाली. लंगोटावरच्या, घामेजल्या अंगाच्या मल्लाकडून त्याला ती मिळत नाही, आणि अर्धी विद्या तिथेच बंद पडते.

शांतपणे झालेल्या भेटी फार कोणी सांगत नाही, पण त्यांनीच जास्त बदल घडवला. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोत आले तेव्हा ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत कराटेचे प्रात्यक्षिक करायला बोलावले. आज आपल्या गल्लीतल्या कराटे क्लासची मुले जो पांढरा पोशाख आणि रंगीत पट्टे घालतात, ती पद्धत कराटेने ज्युदोकडून घेतली. १९३० मध्ये कानो ऐकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांचे काम पाहायला गेले आणि त्यांनी आपले विद्यार्थी तिकडे शिकायला पाठवले. स्वतःची विद्या उभी करणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडे शिष्य धाडावेत, याला छाती लागते.

कानोंचा एक डाव तर आपल्या ओळखीचा आहे. जड जोडीदाराला पाडता येईना म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची माहिती शोधून खांद्यावर आडवा उचलून टाकण्याचा डाव बसवला. ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. आपल्याकडे तो कलाजंग. आपल्या धोबीपछाडचाही सख्खा भाऊ ज्युदोत आहे. पण इथे एक मेख आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदोत २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधन आले. त्यामुळे आजचा तरुण ज्युदोपटू पाय राखायला शिकलेलाच नसतो, आणि आपला एकेरी किंवा दुहेरी पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, त्याला कळायच्या आत बसतो. त्याच्या अंगात सदरा असला तर मात्र पटात शिरताना आपल्याला कॉलर नसली तरी त्याची कॉलर आपल्या गळ्याशी येते, हे विसरू नये. त्यांच्यात दाबून धरण्याचाही वेगळा हिशोब आहे. वीस सेकंद पाठीवर धरून ठेवावे लागते. खांदे टेकले की संपले, असे नाही.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, हे सगळ्यांना पाठ आहे. तिथे ज्याने त्यांना हरवले आणि सुवर्णपदक नेले, तो जपानचा शोहाची इशी मुळात ज्युदोचा माणूस. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे खाशाबांच्या गोळेश्वरची माती आणि जपानचा ज्युदो यांची गाठ पडली, तीही तिसऱ्याच नियमाच्या गादीवर. लाल मातीचा मल्ल गादीवर किती चालतो याचे उत्तर १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही मिळते. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी तिथून सुवर्ण आणले. आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ते पंजाबच्या बंतासिंगला हरवून. कोल्हापूर आणि पंजाब या दोन घराण्यांची ती गाठ होती, आणि तिचा अभिमान महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

आपल्याच राज्यात दक्षिणेला, म्हैसूरच्या राजवाड्यात, विजयादशमीला जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी होते. डोके भादरलेले, मुठीत धारदार काटे, आणि पहिला रक्ताचा थेंब दिसला की लढत संपली. गरडी मनेतल्या, म्हणजे तालमीतल्या, मल्लाला तिथे उभे केले तर पट काढायला वाकताच डोके पुढे येईल आणि तो पहिल्याच सेकंदाला हरेल. त्यावरून तो कच्चा ठरत नाही.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आता सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कराटे आणि ज्युदोचे क्लास वाढले आहेत. त्यामुळे जत्रेच्या मैदानात 'पैलवान विरुद्ध कराटे' अशी प्रदर्शनी जोड लावावी, असे एखाद्या कमिटीला वाटणे साहजिक आहे. ठोसे-लाथांची आणि पकडीची जोड मातीत लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हातमोजे नसतात, डोक्याला आधार नसतो, आणि उघडी मूठ कानशिलावर बसली तर खेळ संपतो. ज्युदो आणि कुस्ती मात्र एकत्र होऊ शकते, काळजी घेतली तर.

वजनात पाच किलोंहून जास्त फरक नको. सदरा घालायचा तर दोघांनी, नाहीतर कोणीच नाही. सांधे पिरगाळणे आणि गळा कोंडणे पूर्ण बंद ठेवावे, कारण मातीतल्या पोराला हार मानायची सवय नसते. तो दात-ओठ खाऊन सोसत राहतो. ते चालू ठेवायचेच असेल, तर हार मानण्याची थाप कशी द्यायची ते दोघांना आधी करून दाखवा. मातीवर थोपटलेला हात हलगीच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि शड्डू ठोकण्याच्या भूमीत थापेचा अर्थ उलटा घेतला जाण्याचीही भीती आहे. म्हणून थाप प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोनदा द्यावी, आणि तेवढ्या कुस्तीपुरती हलगी थांबवावी. हात पाठीमागे गेलेला दिसताच पंचाने थापेची वाट न पाहता सोडवावे.

जागेचेही तसेच. ज्युदोवाला पडताना तळहात आपटून मार विरवतो. माती दबलेली असली किंवा तिच्यात खडा राहिला तर त्याचे मनगटच जाते. आदल्या दिवशी मातीचा हौदा खोल उकरून, खडे वेचून, पाणी शिंपडून ठेवावा. आणि आपल्या मल्लाला गादीवर बूट घालून उतरवताना हे सांगा, की मातीत पाय घसरतो म्हणून गुडघा वाचतो, गादीवर बूट चिकटतो आणि अंग फिरले तरी पाय फिरत नाही. ढाक किंवा टांग लावताना गुडघे जातात ते यामुळेच. दोन-तीन आठवडे नुसती पावले टाकण्याचा सराव गादीवर करून घ्यावा, डाव नंतर.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. येळ्ळूर, आनंदवाडी आणि गावोगावच्या मैदानांचे निकाल आपण आवर्जून छापता, त्याबद्दल आभार. त्या बातमीत 'अमक्याने तमक्याला अस्मान दाखवले' याच्या जोडीला चार गोष्टी येऊ द्या. दोघांची वजने, कुस्ती किती मिनिटे चालली, चीतपट की गुणांवर, आणि डाव कोणता. गादीवरची असेल तर तसे लिहा. दोन ओळी वाढतील. पण दहा वर्षांनी कोणी ते कात्रण काढून वाद घालायला बसला, तर त्याच्या हातात काहीतरी असेल.

आपले,
बेळगाव व खानापूर तालुक्यांतील तालमींत शिकवणारे काही वस्ताद