पॅनग्लॉस गुरुजींचा सर्व्हे रिपोर्ट

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच लेखक व्होल्टेअरच्या 'काँदीद' या कादंबरीला (१७५९) 'निराशेचं पुस्तक' म्हटलंय. ते वाचताना ज्यांना हसू आवरलं, त्यांच्या संयमाला माझा नमस्कार. मी जन्मभर विमा कंपन्यांसाठी आगी आणि पुराच्या नुकसानीचे सर्व्हे केले, त्यामुळे त्यातलं पोर्तुगालच्या लिस्बन शहरातल्या भूकंपाचं प्रकरण मी धंद्याच्या नजरेनंच वाचतो.

१ नोव्हेंबर १७५५. सणाची सकाळ, चर्च गच्च भरलेली. आधी भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आग. (एका क्लेमला तीन-तीन कारणं! फाइलच्या जाडीच्या कल्पनेनंच घाम फुटतो.) कादंबरीतला काँदीद दगडांखाली अडकलाय, 'मेलो, थोडं तेल आणि वाइन आणा' म्हणून विनवतोय. आणि 'जे होतं ते उत्तमच' असं शिकवणारे त्याचे पॅनग्लॉस गुरुजी? गेल्या वर्षी अमेरिकेत लिमा शहराला असाच धक्का बसला होता, म्हणजे तिथपासून इथवर जमिनीखाली गंधकाची शीर असणारच, हे ते त्याला समजावतायत. 'असेल, पण तेल आणा हो!' यावर गुरुजी उखडतात: असेल काय, सिद्ध झालंय! शिष्य बेशुद्ध पडतो तेव्हा कुठे पाणी आणायला हलतात. अहो, नुकसानीचं कारण शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग होता. पण आधी माणूस बाहेर काढा, मग पंचनामा, एवढं आम्हालाही कळत होतं.

त्याआधी बंदरात, या दोघांना आसरा देणारा भला जाक बुडतो. काँदीद उडी मारायला निघतो, तर गुरुजी त्याला अडवून सिद्ध करतात की हे बंदर जाकनं बुडावं म्हणूनच घडलंय. असा सर्वेअर कंपन्यांनी डोक्यावर घेतला असता.

टिंगल आशेची नाहीच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं 'शक्य त्या जगांतलं हेच सर्वोत्तम' हे म्हणणं दुसऱ्याच्या दुःखावर फेकून मोकळं होणाऱ्यांची आहे. शिवाय गुरुजींनाही सूट नाही. गुप्तरोगात एक डोळा आणि एक कान जातो, फाशी होते (दोर ओला, म्हणून वाचतात), मग गलबतावर वल्ही मारणं. तरी रोगाचंही समर्थन तयार: कोलंबसनं तो आणला नसता तर चॉकलेट कुठून मिळालं असतं?

'आपण आपली बाग कसली पाहिजे' या शेवटच्या वाक्यावर पुरवणीत अर्धा रकाना खर्ची पडलाय, ते सोडतो. त्याच्या जरा आधीची ओळ मात्र राहून गेली. गुरुजी कबूल करतात की आयुष्यभर हालच सोसले; पण एकदा 'सगळं उत्तम' म्हणून बसलो, म्हणून म्हणत राहतो, विश्वास काडीचा नाही. रिपोर्टवर सही झाली की तो फिरवायचा नाही, ही रीत आमच्याकडेही होती.

आपला,
एक निवृत्त विमा सर्वेअर, मिरज