पाणथळ जागांच्या गाळातली शेती

संपादक महोदय,

पाणथळ जागा बुजवण्याच्या बातम्यांत पक्षी, मासे आणि पुराचा धोका यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या गाळात माणसाच्या शेतीचा इतिहास दडलेला असतो, याचा उल्लेख क्वचितच वाचायला मिळतो. म्हणून हे पत्र.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक या दलदलीचे उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात त्या परिसरात चहाच्या लागवडीसाठी चर खणताना जुनी लाकडी अवजारे हाती लागली. पुढे पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन यांनी १९७०च्या दशकात कुक येथे उत्खनन केले. एकावर एक साचलेल्या थरांत लागवडीसाठी केलेले मातीचे उंचवटे आणि पाणी काढून देणारे चर उघडे पडले. त्यांतले उंचवटे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे आहेत. गाळातल्या सूक्ष्म अवशेषांवरून तिथे केळी आणि अळू होते हेही कळले. शेतीचा उगम जगात मोजक्याच ठिकाणी स्वतंत्रपणे झाला आणि त्यांत न्यू गिनीचे नाव घ्यावे लागते, ते याच चिखलामुळे. २००८ साली कुकला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हे टिकले कसे? पाण्याखालच्या गाळात प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड, बिया, परागकण कुजत नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली की हवा आत शिरते आणि हजारो वर्षे टिकलेले काही दशकांत नष्ट होते. इंग्लंडमधल्या स्टार कार येथे हेच घडले. तिथला पुरावा शेतीचा नाही, त्याआधीच्या शिकारी लोकांचा आहे. पण १९४९ ते १९५१च्या उत्खननात सुस्थितीत निघालेली हाडे आणि लाकूड पुढच्या उत्खननांत खराब झालेली आढळली. भोवतालची जमीन कोरडी केल्याने माती आम्लधर्मी झाली होती. खोदून न पाहताही पुरावा असा मरतो, हे मला सर्वांत अस्वस्थ करते.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी तिथे शेती होत होती, तर आता भराव टाकायला हरकत काय? हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे. कुकच्या शेतकऱ्यांनीही पाणी काढायला चर खणले, पण दलदल संपवली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराकाठच्या शेतकऱ्यांनी तर उंच वाफ्यांच्या मधल्या चरांतले पाणी मुद्दाम राखले. दिवसा तापलेले ते पाणी रात्री ऊब सोडते आणि पिकाला कडाक्याच्या थंडीपासून वाचवते. त्याच खंडातल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर युरोपीय लोक येण्यापूर्वीचे असे उंचवटे आजही उभे आहेत. माणसे निघून गेल्यावर मुंग्या, वाळवी आणि गांडुळांनी ते सावरून धरले. म्हणजे ज्याला आपण निव्वळ निसर्ग समजतो, त्याची घडण काही अंशी जुन्या शेतकऱ्यांच्या हातची असते. भराव टाकल्यावर यातले काहीच उरत नाही.

पाणथळ जागेवर प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरणीय अहवालासाठी पक्षी आणि वनस्पती मोजल्या जातात. त्याच वेळी गाळाचे खोलवरचे नमुने घेऊन त्यांतले परागकण तपासणे आणि जुने चर-वाफे हवाई छायाचित्रांत शोधणे सक्तीचे करावे. प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने हे काम किरकोळ आहे. आपल्या वार्ताहरांनीही अशा बातम्या देताना, गाळ कोणी तपासला का, हा प्रश्न संबंधितांना जरूर विचारावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक