बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. त्याचा सगळा रोख बीपीमुळे हार्ट अटॅक येऊ नये, यावर होता. पण ज्यांना अटॅक येऊन गेला, ज्यांच्या हृदयाचे पंपिंग (दर ठोक्याला रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता) कमी झाले, त्यांच्याविषयी त्यात अक्षरही नाही. मी औषधशास्त्र शिकवत असे, म्हणून राहवत नाही.

निरोगी हृदयासमोर दाब वाढवला तर ते जास्त जोर लावून निभावून नेते. दुबळ्या हृदयाजवळ ती राखीव ताकद नसते. दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते, मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी साठते. मीठ न सोसणाऱ्या 'डाल' जातीच्या उंदरांत हे टप्प्याटप्प्याने दिसते. सहाव्या आठवड्यापासून ८ टक्के मिठाचे खाद्य दिले की त्यांचे बीपी चढते. अकराव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाची भिंत जाड झालेली असते, पण पंपिंग उत्तम आणि उंदीर ठणठणीत. त्यानंतर काही आठवड्यांतच ते हृदय ढिले पडते, उंदराला धाप लागते आणि तो दगावतो.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग बोस्टनच्या फेफर या संशोधक दांपत्याचा. १९८०च्या दशकात त्यांनी उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून अटॅक घडवला आणि कॅप्टोप्रिल हे बीपीचे औषध दिले. हृदयावरचा भार हलका झाला, ते कमी फुगले, उंदीर जास्त जगले. याच धाग्यावर पुढे अटॅक येऊन गेलेल्या २,२३१ रुग्णांवर याच औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९२ साली आले : पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

आपल्याकडे मात्र घरोघरी ऐकू येते, "आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" अशा रुग्णाची गोळी केवळ बीपीचा आकडा उतरवायला नसते, थकलेल्या हृदयावरचा भार कमी ठेवायला असते. शिवाय हृदय फारच खचले की दाब आपोआपही उतरतो. त्याला बरे होणे समजणे घातक आहे. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी आणि औषध देताना केमिस्टने 'बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी बंद करू नका' एवढे एक वाक्य रुग्णाच्या घरच्यांना सांगावे. आपणही पुढच्या पुरवणीत कमी पंपिंगच्या रुग्णांसाठी स्वतंत्र लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली