'सिस्टीम घेत नाही'

महोदय,

सरकारी कामे काय आणि खासगी व्यवहार काय, सगळे पडद्यावर आले. रांगा कमी झाल्या, हे मान्यच. एस्टोनियात 2001 पासून 'एक्स-रोड' यंत्रणेने सरकारी खाती एकमेकांना जोडली. आपली माहिती कोणी पाहिली, हे तिथल्या नागरिकाला स्वतः तपासता येते. मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

ब्रिटनमध्ये उलटे घडले. टपाल सेवेच्या 'होरायझन' प्रणालीने हिशेबात नसलेली तूट दाखवली आणि 1999 ते 2015 दरम्यान 900हून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. माणसे जीव तोडून सांगत होती, पण खरा मानला गेला तो संगणकाचा आकडा.

माझ्या आईच्या बोटांवरच्या रेषा कष्टाने झिजल्या आहेत. यंत्रावर ती बोट ठेवते, पुसते, पुन्हा ठेवते, मग खिडकीमागच्या कर्मचाऱ्याकडे पाहते. तो म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." ती समोर उभी आहे, हे त्यालाही दिसत असते. अशा वेळी ओळख पटवून हाताने नोंद करण्याचा लेखी अधिकार त्याला मिळायला हवा, मग ती बँक असो वा सरकारी कचेरी.

– एक वाचक